परसातल्या बदकांसाठी जमिनीवर काय अंथरायचं? वाळू, तूस, पेंढा की पातेरा

घरामागे चार-सहा बदकं पाळायची असं ठरतं ते बहुतेक वेळा उन्हाळ्यात. जमीन कोरडी असते, जाळी मारून झालेली असते, पिल्लं पिवळीधमक आणि हातात मावणारी असतात. खरी परीक्षा जूनमध्ये सुरू होते. पावसाच्या दोन-चार मोठ्या सरी पडल्या की बदकांच्या कुंपणातली माती, त्यांची विष्ठा, सांडलेलं खाद्य आणि टबातून उडवलेलं पाणी यांचा एकजीव काला होतो. मग वास येतो, माश्या येतात, शेजारच्या घराची खिडकी बंद होते. आणि एक दिवस त्यातलं एखादं बदक लंगडायला लागतं.

बदकं पाळणाऱ्यांच्या मनात या टप्प्यावर प्रश्न येतो तो असा: खाली काय टाकायचं? यूट्यूबवर शोधलं तर अमेरिकेतली किंवा इंग्लंडमधली उत्तरं सापडतात. पाइनच्या लाकडाचा भुसा वापरा, हेम्प वापरा, नदीतले गोल खडे वापरा. कोकणात तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या गावात किंवा विदर्भातल्या काळ्या मातीत यातलं किती चालतं, हा वेगळा विषय आहे. इथे हाताशी असतात तूस, पेंढा, पातेरा, मुरूम, खडी आणि महाग झालेली वाळू. त्यातलं काय कुठे टाकावं, आणि काय अजिबात टाकू नये, हे समजून घेण्याआधी बदकाची अडचण समजून घ्यावी लागते.

कोंबडीला चालतं ते बदकाला का चालत नाही?

कोंबडीच्या विष्ठेत साधारण तीन चतुर्थांश पाणी असतं. बदकाच्या विष्ठेत ते ९० टक्क्यांच्या आसपास जातं. त्यात बदक खाताना सारखं पाण्याकडे पळतं. चोचीत खाद्य घ्यायचं, पाण्यात बुडवायचं, उरलेलं तिथेच सोडायचं, मान झटकायची. हे त्याच्या शरीराच्या गरजेतून आलेलं आहे. पाण्यात डोकं बुडवल्याशिवाय त्याला डोळे आणि नाकपुड्या साफ ठेवता येत नाहीत. त्यामुळे ‘पाणी कमी द्या म्हणजे चिखल होणार नाही’ हा उपाय मुळातच बाद.

दुसरा फरक कमी लोकांच्या लक्षात येतो. कोंबडी पायाने उकरते. तिच्या खाली तूस टाकला तर ती तो दिवसभर खाली-वर करत राहते, हवा लागते, ओल उडून जाते. पोल्ट्रीतली ‘डीप लिटर’ पद्धत, म्हणजे एकाच अंथरणावर महिनोन्‌महिने नवा थर टाकत जाणं, या उकरण्याच्या जोरावर चालते. बदक उकरत नाही. त्याचे पाय पडद्याचे आणि सपाट असतात, ते चालताना खालचा थर दाबतं. म्हणून कोंबड्यांचं खुराडं सांभाळलेली माणसं तोच तूस, तेवढ्याच जाडीचा बदकांना घालतात आणि आठवड्याभरात त्याची ओली ढेप झालेली पाहून चक्रावतात.

तिसरी गोष्ट म्हणजे पाय. बदकाच्या तळपायाची त्वचा पाण्यासाठी आणि मऊ चिखलासाठी बनलेली आहे. टोकदार खडीवर, काँक्रीटच्या कोब्यावर किंवा सतत ओल्या घाणीत राहिलं की तळव्याला भेग पडते. त्यातून जंतू, बहुतेक वेळा स्टॅफिलोकोकस, आत शिरतात. तळवा सुजतो, मध्ये काळा खपलीसारखा डाग दिसतो, आत घट्ट पू साचतो. या आजाराला ‘बंबलफूट’ म्हणतात. सुरुवातीला लक्षात आलं तर आटोक्यात येतो, पण पसरला तर संसर्ग हाडापर्यंत जातो आणि बदक उठेनासं होतं. व्हाइट पेकिनसारख्या तीन किलोच्या पुढे जाणाऱ्या जड जातींना याचा धोका जास्त. खाकी कॅम्पबेल साधारण दोन किलोची, त्यामुळे तिला तुलनेने कमी. अंथरणाची निवड चुकली तर त्याची किंमत आधी पाय मोजतात, अंडी त्यानंतर.

आधी पाण्याचा बंदोबस्त

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. वरून काहीही टाकलं तरी खालचं पाणी निघून जात नसेल तर पैसे वाया जातात. पाणी साचणाऱ्या जागेवर ओतलेला ट्रॉलीभर तूस म्हणजे ट्रॉलीभर ओला तूस, एवढंच.

पाणी तीन वाटांनी येतं. पहिली वाट छपराची. पत्र्याच्या किंवा कौलांच्या पागोळ्या थेट बदकांच्या आवारात पडत असतील तर पन्हळ लावून ते पाणी बाहेर काढणं हे पहिलं काम. दुसरी वाट चढावाची. परसाला उतार असेल तर वरच्या अंगाला वीतभर खोल चर खणून पाणी बाजूने वळवावं लागतं. तिसरी वाट खुद्द बदकांच्या टबाची, आणि वर्षातले बारा महिने चालू असते ती हीच.

कुंपणातल्या जमिनीला थोडा उतार हवा. दहा फुटांना तीन इंच पुरेसा होतो, त्याहून तीव्र असला तर वाळू आणि तूस पावसाबरोबर खाली वाहतात. हा उतार विहिरीकडे किंवा बोअरवेलकडे मात्र नको. कोकणात विहीर बऱ्याचदा मागीलदारीच असते. बदकांच्या आवारातून निघालेलं पाणी मुरत मुरत तिच्यात गेलं तर पिण्याच्या पाण्यात जंतू आणि नायट्रेट जातात. हा उतार नारळ, केळी किंवा अळूच्या वाफ्याकडे वळवला तर ते पाणी कामाला येतं.

जमिनीचा प्रकार इथे बराच फरक पाडतो. जांभ्याच्या जमिनीत पाणी तुलनेने लवकर मुरतं. देशावरची आणि विदर्भातली काळी माती ओली झाली की फुगते, पाणी धरून ठेवते आणि सुकली की भेगाळते. अशा मातीत खड्डा खणून त्यात खडी भरणं म्हणजे जमिनीत भांडं पुरण्यासारखं आहे, कारण पाणी खड्ड्यात येतं आणि तिथेच बसतं. काळ्या मातीत खाली खणण्यापेक्षा वर चढणं शहाणपणाचं. सहा इंच मुरमाचा भराव घालून, पाणी मारून, धुमसून, उतार देऊन ओटा तयार करायचा आणि अंथरण त्यावर टाकायचं. मुरूम दाबला की घट्ट बसतो. म्हणूनच तो रस्त्याखाली घालतात. पण याच गुणामुळे तो पाणी मुरवायला फारसा उपयोगी नाही. त्याचं काम पाणी उतारावरून बाहेर सरकवणं, एवढंच.

एका आवाराचे तीन भाग

बदकांचं सगळं आवार एकाच वस्तूने भरायचा मोह होतो. व्यवहारात जे टिकतं ते वेगळं असतं: पाण्याभोवतीचा ओला भाग, हिंडण्याचा मधला भाग आणि रात्रीचं खुराडं. तिन्ही ठिकाणी वेगवेगळं काम आहे, म्हणून तिन्ही ठिकाणी वेगळं अंथरण लागतं.

जागेचा अंदाज आधी घेऊ. मोकळ्या आवारात एका बदकामागे किमान १० ते १५ चौरस फूट आणि रात्रीच्या खुराड्यात ३ ते ४ चौरस फूट असं प्रमाण आपल्याकडे पशुपालनाच्या मार्गदर्शनात दिलं जातं. म्हणजे सहा बदकांना ९० चौरस फुटांचं आवार आणि २४ चौरस फुटांचं खुराडं. हे किमान आहे. यापेक्षा जागा कमी असेल तर कोणतंच अंथरण पुरं पडत नाही.

ओला भाग: इथे दगड हवेत, पण गोल

टबाभोवती बदकं सर्वाधिक वेळ काढतात आणि जवळपास सगळं पाणी तिथेच सांडतं. चिखलाची सुरुवात इथून होते. त्यामुळे थोडाच खर्च करायची तयारी असेल तर तो इथे करावा.

टब साधारण चार बाय चार फुटांच्या चौकोनाच्या मध्यभागी ठेवायचा. पाणी मुरणाऱ्या जमिनीत हा चौकोन सहा ते आठ इंच खणायचा, तळाशी मोठी खडी आणि वर गुळगुळीत गोल गोटे भरायचे. सोळा चौरस फुटांना सहा इंचाचा थर म्हणजे आठ घनफूट माल लागतो. बांधकामाची वीस एमएमची खडी स्वस्त आणि सहज मिळते, पण ती वरच्या थरात चालत नाही. क्रशरमधून निघालेल्या खडीच्या कडा धारदार असतात आणि बदकाच्या तळव्यासाठी त्या काचेच्या तुकड्यांहून थोड्याच बऱ्या. खाली खडी, वर गोल गोटे, ही अदलाबदल होऊ देऊ नये. जांभ्याच्या चिऱ्याचे तुकडेही वरच्या थराला नकोत, ते खरखरीत असतात.

माती आणि दगड यांच्यामध्ये पाणी जाऊ देणारं कापड घातलं नाही तर एका पावसाळ्यात दगड चिखलात गडप होतात. जिओटेक्स्टाईल नावाचं यासाठीचं खास कापड मिळतं. गोणपाट घालणारे बरेच असतात, पण तो वर्षभरात कुजतो. सिमेंटच्या प्लॅस्टिकच्या गोणीतून पाणी नीट जात नाही, त्यामुळे तिच्यावर डबकं होतं.

काळ्या मातीत खड्ड्याऐवजी दुसरा मार्ग घ्यावा लागतो: चार विटांवर लाकडी किंवा प्लॅस्टिकची जाळीदार फळी, तिच्यावर टब आणि खाली उताराची फरशी. पाणी फळीतून खाली पडतं आणि फरशीवरून वाफ्यात जातं. फळीच्या फटी बदकाचा पाय अडकेल एवढ्या मोठ्या नसाव्यात. उघड्या तारेची जाळी पायाखाली नकोच. ती तळवे कापते आणि तिचे गॅल्व्हनाइज्ड तुकडे सुटले तर आणखी भानगड होते, कारण चमकणारी वस्तू गिळण्याची बदकाला खोड असते. जस्ताची विषबाधा होऊन पक्षी मरतात. जाळी मारताना खाली पडलेले तारेचे तुकडे, खिळे आणि स्टेपल वेचून काढणं म्हणूनच महत्त्वाचं.

टबाचं पाणी रोज किंवा दिवसाआड बदलावं. साचलेल्या, कुजक्या पाण्यात डासांची पैदास होते हा एक भाग झाला. उन्हाळ्यात अशा पाण्यात आणि कुजणाऱ्या चिखलात बोट्युलिझमचे जंतू विष तयार करतात, हा त्याहून गंभीर भाग. हे विष अंगात गेलं की बदकाची मान लुळी पडते आणि ते पाण्यात असेल तर बुडून मरतं.

मधला भाग: वाळू चांगली, पण कुठली?

हिंडण्याच्या जागेसाठी वाळूला तोड नाही, असं बहुतेक जाणकार सांगतात आणि ते खरं आहे. पाणी खाली जातं, विष्ठा वर राहते, दाताळ्याने ओढून उचलता येते, पाइपने पाणी मारून धुता येते. पायाला मऊ लागते. बदकं त्यातले कण टिपतात आणि ते पोटाच्या चक्कीत दाणे दळायला उपयोगी पडतात.

अडचण किमतीची आणि मिळण्याची आहे. सहा बदकांच्या ९० चौरस फुटांत तीन इंच थर द्यायचा तर साडेबावीस घनफूट, म्हणजे पाव ब्रासच्या जवळपास वाळू लागते. नदीची वाळू महसूल खात्याच्या परवानगीनेच निघते आणि तिचे भाव सर्वांना ठाऊक आहेत. त्यामुळे क्रश सँडचा पर्याय पुढे येतो. ती धुतलेली असेल तर चालते. न धुतलेल्या क्रश सँडमध्ये दगडाची भुकटी असते. ओली झाली की ती सिमेंटसारखी बसते आणि सुकली की धूळ उडते. विकत घेण्याआधी मूठभर वाळू पाण्याच्या ग्लासात टाकून ढवळून बघावी. पाणी दुधासारखं गढूळ झालं आणि बराच वेळ तसंच राहिलं, तर ती वाळू बदकांसाठी नको.

किनाऱ्यावरच्या गावांत साहजिकच पुळणीकडे लक्ष जातं. तिथून वाळू काढायला सीआरझेडच्या नियमांनी मनाई आहे. शिवाय त्या वाळूत मीठ असतं आणि पिल्लांना ते बाधतं.

वाळूची आणखी एक मर्यादा आहे. एप्रिल-मे महिन्यात विदर्भात आणि मराठवाड्यात उन्हातली वाळू एवढी तापते की बदकं तिच्यावर पायच ठेवत नाहीत. वर शेडनेट किंवा आंब्या-फणसाची सावली नसेल तर निदान अर्ध्या भागात तरी दुसरं काहीतरी हवं.

ते दुसरं काहीतरी म्हणजे पातेरा. आंबा, काजू, फणस यांची सुकी पानं कोकणात परसात ढिगाने पडतात आणि पूर्वी भाजावळीत किंवा आता नुसतीच जाळली जातात. बदकांच्या आवारात चार ते सहा इंच जाड पातेरा टाकला तर चिखल झाकला जातो, बदकं त्यात दिवसभर किडे आणि गांडुळं शोधत राहतात, आणि पैसे काहीच लागत नाहीत. तो लवकर मोडतो, आठ-दहा दिवसांनी नवा टाकावा लागतो, भर पावसात त्याचा निसरडा थर बसतो. तरीही फुकट मिळणाऱ्या वस्तूंमध्ये हा सर्वांत चांगला पर्याय म्हणावा लागेल. शक्य असेल तर पावसाआधीच गोणींत भरून कोरड्या जागी ठेवून द्यावा.

झाडाच्या फांद्यांचे यंत्रावर केलेले जाड तुकडे मिळत असतील तर ते पातेऱ्यापेक्षा जास्त टिकतात. पावसाळ्यात ते वाळूपेक्षाही उपयोगी ठरतात, कारण मोठे तुकडे एकमेकांवर अडकून मध्ये पोकळी राहते आणि पाणी खाली निघून जातं. वखारीतला बारीक भुसा मात्र वेगळा. तो पाणी शोषतो आणि लापशी होतो. प्लायवूड किंवा एमडीएफच्या कारखान्यातला भुसा असेल तर त्यात डिंक आणि रसायनं असतात. वाळवी-प्रतिबंधक औषध मारलेल्या लाकडाचाही नको.

गवत? हरळी सुंदर दिसते, पण सहा बदकं ९० चौरस फुटांतली हरळी आठ-पंधरा दिवसांत तुडवून संपवतात. जागा मोठी असेल तर दोन भाग करून एक वापरायचा आणि एक मोकळा ठेवायचा, तरच गवत तगतं. रील्समध्ये दिसणारं हिरवं प्लॅस्टिकचं गवत याबाबत थोडक्यात एवढंच की त्याखाली घाण साचते, ती दिसत नाही, आणि बदकं त्याचे धागे उपटून गिळतात.

खुराडं: तूस की पेंढा?

रात्री बदकं सात-आठ तास एकाच जागी बसतात आणि विष्ठा टाकत राहतात. अंडीही इथेच, बहुतेक सकाळी नऊच्या आधी घातली जातात. म्हणून बदकं उशिरा बाहेर सोडण्याची पद्धत आहे. खुराडं कोरडं असेल तर अंडी स्वच्छ मिळतात. बदकाच्या अंड्याच्या कवचाला बारीक छिद्रं असतात आणि ओल्या घाणीत पडलेल्या अंड्यात साल्मोनेलासारखे जंतू शिरू शकतात. अंथरणाचा थेट माणसाच्या पोटाशी संबंध येतो तो इथे.

भातगिरणीतला तूस महाराष्ट्रातल्या भातपट्ट्यात, म्हणजे कोकणात, मावळात, भंडारा-गोंदियात, सहज मिळतो. हलका, स्वच्छ आणि स्वस्त. पण त्याच्यावर मेणचट, काचेसारखा थर असल्याने तो पाणी फारसं शोषत नाही. ओल त्याच्या दाण्यांमधून खाली उतरते आणि तळाशी साचते. वरून कोरडा दिसणारा तूस हात घालून पाहिला की तळाला ओला लागतो. पेंढा याच्या उलट: बसायला उबदार, घरट्यासाठी उत्तम, पण तो चपटा होऊन त्याची चटई बनते आणि खालची ओल अडकते. म्हणून दोन्ही एकत्र वापरणारे बरेच आहेत. तळाला तीन-चार इंच तूस, कोपऱ्यात घरट्याच्या जागी पेंढा. नारळाच्या सोडणाचा बारीक चुरा, म्हणजे कोकोपीट, स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरतो. तो तळाला पातळ थरात टाकला तर तुसातून उतरलेली ओल तिथे पकडली जाते. एकट्याने वापरला तर तो लवकरच ओला स्पंज होतो.

यातली सर्वांत मोठी जोखीम बुरशीची. उडवीच्या मधला पेंढा अवकाळीत भिजला असेल आणि त्याला कुबट वास येत असेल, त्यावर पांढरट-हिरवट भुकटी दिसत असेल, तर तो गुरांनाही नको आणि बदकांना तर नकोच. ॲस्परजिलस या बुरशीचे बीजाणू श्वासातून फुप्फुसांत आणि हवेच्या पिशव्यांत जातात. पक्षी तोंड उघडं टाकून धापा टाकतो, खाणं सोडतो. पिल्लांमध्ये हा आजार वेगाने जीव घेतो आणि त्यावर घरगुती इलाज नाही. भिजलेला पेंढा उन्हात वाळवून वापरण्याची काटकसर इथे महागात पडते, कारण वाळल्याने बीजाणू मरत नाहीत.

भुईमुगाच्या टरफलांबाबत सावध का राहायचं?

सोलापूर, कोल्हापूर, धुळे पट्ट्यात आणि एकूणच पोल्ट्री व्यवसायात भुईमुगाची टरफलं अंथरण म्हणून सर्रास वापरली जातात. कोंबड्यांना ती चालून जातात. बदकांच्या बाबतीत मात्र एक जुनी गोष्ट आठवावी लागते.

१९६० मध्ये इंग्लंडमध्ये काही महिन्यांत एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले. कारण कळेना म्हणून आजाराला ‘टर्की एक्स’ असं नाव पडलं. बदकांची पिल्लंही मरत होती. शोध घेतला तेव्हा धागा ब्राझीलमधून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीपर्यंत गेला. त्या पेंडीवर ॲस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी वाढली होती आणि तिने तयार केलेल्या विषाला बुरशीच्याच नावावरून ‘अफ्लाटॉक्सिन’ म्हटलं गेलं. बदकाचं पिल्लू या विषाला इतकं संवेदनशील निघालं की पुढे अनेक वर्षं एखाद्या नमुन्यात अफ्लाटॉक्सिन आहे की नाही हे तपासायला प्रयोगशाळांत बदकाचीच एक दिवसाची पिल्लं वापरली जात.

टरफल म्हणजे पेंड नव्हे, हे खरं. पण टरफलात मोडके, किडके, बुरसलेले दाणे राहतात आणि बदक चोचीने चाळून नेमके तेच शोधून खातं. दमट हवेत साठवलेल्या टरफलांवर बुरशी धरायला वेळ लागत नाही. कोरड्या भागात, ताजी, दाणे चाळून काढलेली टरफलं मोठ्या बदकांखाली वापरता येतील, पण पिल्लांखाली आणि पावसाळ्यात ती वापरू नयेत. तूस किंवा पेंढा मिळत असताना हा धोका पत्करण्याचं खरं तर कारणच नाही. हाच नियम बुरसलेला मका आणि जुन्या पेंडीलाही लागू होतो.

पिल्लांसाठी वेगळा हिशेब

पहिल्या तीन-चार आठवड्यांत पिल्लांखाली वर्तमानपत्र घालण्याची सवय अनेकांना असते. ओला कागद निसरडा होतो, पिल्लाचे पाय दोन्ही बाजूंना फाकतात आणि ते तसेच राहू शकतात. सुरुवातीचे काही दिवस जुनी सुती चादर, धुतलेलं गोणपाट किंवा खरखरीत रबरी चटई घालावी, त्यानंतर पेंढ्याचे कापलेले तुकडे. बारीक भुसा नको, पिल्लं तो खाद्य समजून खातात. पाण्याचं भांडं जाळीच्या छोट्या चौकटीवर ठेवलं की पिल्लांखालची जागा निम्म्याने कोरडी राहते.

चुना टाकावा का?

वास आला की चुना, हा गावोगावचा जुना उपाय. विझवलेल्या चुन्याची भुकटी ओल ओढून घेते आणि काही जंतूंना आवरते. पण रसायनशास्त्राच्या दृष्टीने यात एक मेख आहे. चुन्याने अंथरण अल्कधर्मी होतं आणि विष्ठेत अडकलेला अमोनिया वायू होऊन बाहेर पडतो. म्हणजे ओल्या, घाण अंथरणावर चुना टाकला तर वास काही वेळ वाढतो आणि बंद खुराड्यातल्या बदकांचे डोळे चुरचुरतात. चुना टाकायचा तो जुनं अंथरण पूर्ण काढल्यावर, रिकाम्या जमिनीवर. मग एक-दोन दिवस हवा खेळू द्यायची आणि नवा थर टाकायचा. कळीचा चुना मात्र कधीही नको. ओल्या पायांखाली तो तापतो आणि पडदे भाजतो.

अमोनिया किती आहे हे पाहायला यंत्र लागत नाही. सकाळी खुराडं उघडल्यावर गुडघ्यावर बसून, बदकाच्या डोक्याच्या उंचीवर नाक नेऊन श्वास घ्यावा. उभ्या माणसाला न जाणवणारा वास तिथे जाणवतो. तसंच मूठभर अंथरण हातमोजा घालून दाबावं. मूठ उघडल्यावर ते सुटं झालं तर ठीक, गोळा राहिला तर वरून कोरडा थर हवा, आणि पाणी गळलं तर सगळं काढून टाकायची वेळ झाली.

बदक उकरत नसल्यामुळे हे काम माणसाला करावं लागतं. खुराड्यातला तूस आठवड्यातून दोनदा दाताळ्याने किंवा फावड्याने वर-खाली करणं, ओले गठ्ठे रोज उचलणं, पावसाळ्यात दर दुसऱ्या दिवशी कोरडा थर टाकणं. रात्री खुराड्यात पाणी न ठेवल्याने मोठ्या बदकांचं अंथरण बरंच कोरडं राहतं, पण मग रात्री खाद्यही ठेवायचं नाही. पाण्याशिवाय कोरडं खाद्य बदकाच्या घशात अडकतं.

माणसांची काळजी

सांडलेल्या खाद्यामुळे उंदीर येतात, आणि कोकणात पावसाळ्यात उंदीर व ओला चिखल एकत्र आले की लेप्टोस्पायरोसिसचा विचार करावाच लागतो. पायाला जखम असताना अनवाणी बदकांच्या आवारात जाऊ नये. तिथे घालायचे गमबूट वेगळे ठेवावेत, ते घरात आणि दुसऱ्याच्या खुराड्यात नेऊ नयेत.

बूट वेगळे ठेवण्याला आणखी एक कारण आहे. भारतात बर्ड फ्लूचा, म्हणजे एच५एन१ विषाणूचा, पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात कोंबड्यांमध्ये नोंदवला गेला. केरळच्या कुट्टनाडमध्ये २०१४ मध्ये आणि त्यानंतरही बदकांमध्ये उद्रेक झाले. रानपक्ष्यांच्या विष्ठेतून विषाणू येऊ शकतो आणि काही बदकं आजारी न दिसताही तो पसरवतात. त्यामुळे तळ्याकाठून आणलेलं गवत किंवा पाणपक्षी बसतात तिथली माती अंथरणासाठी आणू नये. एकाच वेळी अनेक बदकं मेली तर ते अंथरण शेतात टाकू नये, हलवूही नये, जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावं.

काढलेल्या अंथरणाचं काय करायचं?

बदकाच्या विष्ठेत नत्र भरपूर असतं, तूस आणि पातेऱ्यात कर्ब. दोन्ही मिसळून ढीग केला तर चांगलं खत होतं. तूस कुजायला मात्र फार वेळ घेतो, त्यामुळे तुसाच्या ढिगात पातेरा आणि थोडं शेण मिसळावं. ढीग पावसापासून झाकून, दर दोन-तीन आठवड्यांनी उलथून ठेवायचा. आतून गरम लागायचा थांबला, वास मातीसारखा झाला की तो नारळाच्या आणि केळीच्या आळ्यात घालता येतो. कोथिंबीर, मुळा, पालक यांसारख्या कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या किंवा जमिनीला टेकणाऱ्या भाज्यांना घालायचा तर ढीग किमान चार महिने पुरता मुरू द्यावा. वाळू या ढिगात जात नाही. ती पाइपने धुऊन, उन्हात पसरून पुन्हा वापरता येते आणि दोन-तीन वर्षांनी वरचा थर बदलावा लागतो. तो काढण्यासाठी सर्वांत सोयीचा महिना म्हणजे मे, पहिल्या वळवाच्या आधी.